‘च’ची वाटी

“मॅडम, माझा स्वभावच असा आहे. आता या वयात काय बदलणार?”

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की पहिला अर्धा भाग ऐकला की पुढचा मला आधीच कळतो. म्हणणारी माणसं मात्र दर वेळी वेगळी असतात. नव्या संगणकप्रणालीपुढे अडलेले वरिष्ठ कर्मचारी, ‘टीमवर्क कमी पडतं’ असा शेरा मिळालेली पहिल्या नोकरीतली मुलगी, निवृत्तीनंतर घरातच परके वाटू लागलेले गृहस्थ. कामात मी कुठेच कमी नाही, पण ठरलेलं बदललं की माझं काहीतरी बिघडतं, ही सगळ्यांची तक्रार. हल्ली तिला जोडून आणखी एक प्रश्न येतो. “ऑफिसने सॉफ्ट स्किल्सच्या कार्यशाळेला पाठवलं होतं. तिथे खेळ खेळायला लावले. खेळून का कुठे स्वभाव बदलतो?”

या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एका ताईंमुळे पक्कं झालं. त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा पुसून लिहिते आहे. नाव बदलून लिहिण्यापेक्षा ‘ताई’च म्हणते, कारण कामाच्या ठिकाणी सगळे त्यांना तेच म्हणत.

ताई 44 वर्षांच्या. हिशेब तपासण्याच्या कामात, एकाच विभागात, त्यांची 20 वर्षं गेली होती. कुठे आकडा जुळला नाही की “ताईंना विचारा” हे तिथलं शेवटचं उत्तर असे. मग विभागांची फेररचना झाली. प्रणाली नवी, सहकारी नवे, आणि सकाळी ठरलेलं काम दुपारी बदलू लागलं. दोन महिन्यांत त्यांची झोप गेली. वरिष्ठांनी त्यांना एका कार्यशाळेला पाठवलं. तिथल्या प्रशिक्षकाने त्यांना हाताला धरून सगळ्यांपुढे उभं केलं, प्राण्यांचे आवाज काढायला सांगितले आणि शेवटी ‘सर्वांत लाजाळू’ म्हणून बक्षीस दिलं. सगळे हसले. ताई माझ्याकडे आल्या त्या हा ओरखडा घेऊनच.

“मला खेळता येत नाही,” हे त्यांचं पहिलं वाक्य. “आणि बदल होणारच, माणसाने लवचीक असावं, हे मला कळत नाही असं नाही. मी माझ्या मुलाला हेच सांगते. पण माझ्याच्याने होत नाही.”

इथे मला एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ‘जुळवून घे’ हे आपल्याकडे सल्ल्यापेक्षा हुकूम म्हणून जास्त वापरलं जातं, आणि बायकांच्या वाट्याला तर ते लहानपणापासून येतं. म्हणून समोरचा माणूस ‘मला जुळवून घेता येत नाही’ म्हणाला की मी आधी विचारते, कशाशी? कामाचे तास अवाजवी वाढले असतील, कुणी अपमान करत असेल, तर तिथे लवचीकतेचे धडे देणं हा अन्याय आहे. तिथे ‘नाही’ म्हणायला शिकणं हेच कौशल्य. ताईंच्या बाबतीत मी हे नीट तपासलं. नवीन वरिष्ठ समंजस होते, कामाचा भारही वाढला नव्हता. झोपेसाठी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि मग आम्ही मूळ मुद्द्याकडे वळलो.

त्यांच्या त्या एका वाक्यात मला सगळं सापडल्यासारखं वाटलं होतं. कळतं, पण होत नाही. मानसशास्त्रात लहान मुलांसाठी पत्त्यांची एक चाचणी आहे. फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात तिच्यावर बरंच काम केलं. तीन वर्षांच्या मुलाला चित्रांचे पत्ते आधी रंगाप्रमाणे लावायला सांगतात. ते छान जमतं. मग सांगतात, आता आकाराप्रमाणे लाव. “आता काय बघायचं?” विचारलं तर मूल बरोबर उत्तर देतं. पण पत्ता हातात दिला की पुष्कळदा हात जुन्या, रंगाच्याच ढिगाकडे जातो. पाच वर्षांचं होईपर्यंत बहुतेकांना हे साधतं. मोठ्यांसाठीही अशीच एक जुनी चाचणी आहे, 1948 सालची, विस्कॉन्सिनच्या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात तर नियम न सांगताच बदलतो आणि फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच कळतं.

म्हणून मी कुणाला लवचीकतेवर व्याख्यान देत नाही. जिभेला नियम आधीच पाठ असतो. शिकायचं असतं ते हाताला.

ताईंना मी माझ्या छोट्या गटात बोलावलं. दहा जणांचा गट, अट एकच: कुठलाही खेळ न खेळता बसून राहायचा प्रत्येकाला हक्क आहे. पहिल्या दिवशी ताई तीन खेळ नुसत्या बघत होत्या. चौथा पत्त्यांचा होता, तेव्हा स्वतःहून उठल्या. पत्ते लावणं म्हणजे त्यांना हिशेबासारखंच वाटलं असावं.

खेळ साधा. राजा, राणी, गुलाम आणि एक्के काढून टाकायचे. लाल पत्ते डावीकडे, काळे उजवीकडे. घंटा वाजली की नियम बदलतो: सम आकडा डावीकडे, विषम उजवीकडे. पुढच्या घंटेला पुन्हा काहीतरी वेगळं. चूक झाली की दोन्ही हात वर करून मोठ्याने “चुकलो!” म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि खेळ पुढे चालू.

पहिल्या फेरीत ताई सगळ्यांच्या पुढे होत्या. घंटा वाजली. त्यांच्या हातात बदाम सत्ती आली. “विषम, उजवीकडे,” त्या स्पष्ट म्हणाल्या, आणि पत्ता डावीकडे ठेवला. पुढची किलवर अठ्ठी. “सम, डावीकडे.” पत्ता उजवीकडे. त्यांच्या शेजारी चोविशीतला एक मुलगा दर दोन पत्त्यांना हात वर करून “चुकलो!” ओरडत होता आणि मजेत होता. ताईंचे हात वर गेले नाहीत. त्यांनी पत्ते नीट एकावर एक रचले, खाली ठेवले आणि खुर्चीवर जाऊन बसल्या.

दोन दिवसांनी आम्ही दोघीच बोलत होतो.

“पत्ते खाली ठेवलेत तेव्हा मनात काय आलं?”

“सगळ्यांना दिसलं.”

“काय दिसलं?”

“की मला येत नाही.”

“त्या मुलालाही येत नव्हतं.”

“त्याचं चालतं हो. तो नवा आहे.” मग बराच वेळ त्या गप्प राहिल्या. “वीस वर्षं लोक म्हणतात, ताईंना विचारा. आणि ताईंनाच येत नाही म्हटल्यावर मग माझं उरलं काय?”

त्या क्षणापर्यंत आम्ही दोघीही बदलाच्या भीतीबद्दल बोलत होतो. ताईंना बदलाचं एवढं वावडं नव्हतं. त्यांना चारचौघांत नवशिकं दिसणं असह्य होत होतं. नव्या प्रणालीत दोन बटणं कुठे आहेत हे शेजारच्या मुलीला विचारायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबून एकट्या शोधत बसायच्या, थकायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ‘ही प्रणालीच वाईट’ म्हणायच्या. तेव्हापासून ‘मला बदल झेपत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारते: न येणं तुम्हाला कुणासमोर परवडत नाही? बहुतेकांकडे उत्तर असतं, आणि ते फार आत ठेवलेलं असतं.

माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे. माणसाला त्रास इच्छेने होत नाही, इच्छेचा हट्ट झाला की होतो, हे त्यांनी 1955 पासून मांडलं. आपल्या भाषेत तर हा फरक एका अक्षरात मावतो. ‘मला हे यायला हवं’ ही इच्छा. ‘मला हे यायलाच हवं’ हा हट्ट. मी ताईंना त्या आठवड्यात स्वतःशी बोललेली वाक्यं लिहायला सांगितली. त्यांनी ती अर्थातच सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून आणली. ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ ‘विचारलेलं सांगता आलंच पाहिजे.’ ‘हे आधीच कळायला हवं होतं.’ मी पेन्सिलीने प्रत्येक ‘च’भोवती गोल केला. सतरा झाले. ताई कागदाकडे बघत राहिल्या.

तिथून एक खेळ निघाला, आणि तो मला सुचला याचा मला मनापासून आनंद आहे. गटाच्या मधोमध एक वाटी आणि शेजारी बटणांचा डबा ठेवायचा. बोलताना कुणाच्याही तोंडून हट्टाचा ‘च’ आला की त्याने स्वतः उठून एक बटण वाटीत टाकायचं. दुसऱ्याने पकडायचं नाही, शिक्षा नाही, मोजणी नाही. फक्त बटण पडल्याचा आवाज. पहिल्या दिवशी वाटी अर्धी भरली. ज्या ‘च’ने वर्षानुवर्षं छातीवर दगड ठेवला होता, तो टिंग करून वाजणारी वस्तू झाला. विचाराशी वाद घालून जे चार बैठकांत होत नाही, ते कधी कधी अशा आवाजाने होतं.

पुढच्या वेळी पत्त्यांचा खेळ पुन्हा होता. घंटा वाजली. ताईंच्या हातात चौकट नव्वी होती. पत्ता डावीकडे गेला. त्या थांबल्या. मी श्वास रोखून बघत होते. मग त्यांचे दोन्ही हात वर गेले, अगदी खांद्याइतकेच, आणि हळू आवाजात त्या म्हणाल्या, “चुकले.” त्या मुलाने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. पुढच्या पत्त्याला हात आणखी वर गेले. शेवटी त्यांच्या चुका गटात सर्वांत जास्त होत्या, आणि डोळे पुसत त्या हसत होत्या. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडे येतात. मला तो हातांच्या उंचीसकट लक्षात आहे.

आता मूळ प्रश्न. खेळून स्वभाव बदलतो का? खेळ फक्त चूक स्वस्त करतो. नोकरीत चुकण्याची किंमत मोठी वाटते म्हणून माणूस तिथे सराव करत नाही, आणि सराव नाही म्हणून बदल झेपत नाही. हे नवं ज्ञानही नाही. अमेरिकी नाट्यशिक्षिका वायोला स्पोलिन यांनी 1930 च्या दशकाच्या शेवटी शिकागोत, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. भाषा जुळत नसताना एकमेकांकडे बघून, ऐकून, समोरच्याने दिलेलं घेऊन पुढे कसं जायचं, हे ती मुलं खेळातून शिकली. एलिस यांनी स्वतःची सांगितलेली आठवणही अशीच आहे. मुलींशी बोलायची भीती घालवायला एकोणिसाव्या वर्षी ते एका उद्यानात रोज जाऊन बसत, आणि महिनाभरात शंभर जणींशी बोलले. भेट एकीशी ठरली, तीही आली नाही. भीती मात्र गेली, कारण नकार पचवायचा सराव झाला.

पण खेळात आलेलं आपोआप कामात उतरत नाही. पत्ते भराभर लावता येऊ लागले म्हणजे माणूस लवचीक झाला असं नाही, तो पत्ते लावण्यात तरबेज झाला. उतरवावं लागतं, आणि ते खेळानंतरच्या बोलण्यात होतं. मी खेळाइतकाच वेळ त्यासाठी ठेवते. नियम बदलला तेव्हा अंगात काय झालं? मनात पहिलं वाक्य कोणतं आलं? हेच वाक्य आणखी कुठे येतं? या तिसऱ्या प्रश्नापाशी लोक गप्प होतात, आणि तिथेच खरं काम सुरू होतं. ज्या कार्यशाळेत दिवसभर धमाल होते आणि शेवटी फक्त गटाचा फोटो निघतो, तिथून माणूस ताजातवाना होऊन येईल, शिकून येईलच असं नाही.

म्हणून तुम्हाला किंवा तुमच्या मुलांना अशा कार्यशाळेला जायचं असेल तर दोन-तीन गोष्टी आधी विचारा. बसून राहायची मुभा आहे का? घेणारी व्यक्ती स्वतः खेळते का, की बाहेर उभी राहून शिट्टी वाजवते? बक्षिसं आणि क्रमांक आहेत का? क्रमांक आला की चूक पुन्हा महाग होते आणि सगळा हेतू बुडतो. ज्याला आवाज काढायची लाज वाटते त्याला पुढे ओढल्याने लाज जात नाही, ती पक्की होते.

कार्यशाळा नसली तरी अडत नाही. घरात दोघांनी मिळून हे करून बघा: समोरासमोर उभं राहून एक-दोन-तीन आळीपाळीने मोजायचं. जमलं की ‘एक’च्या जागी टाळी, मग ‘दोन’च्या जागी चुटकी, मग ‘तीन’च्या जागी उडी. चुकलात की हात वर. मुलांसोबत खेळलात तर त्यांना सुधारू नका, तुम्ही चुका. मोठं माणूस चुकून हसतं हे मुलाने पाहणं कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास वर्गापेक्षा मोलाचं आहे. आणि प्रौढांनी वर्षातून एक तरी गोष्ट अशी शिकायला घ्यावी जिच्यात आपण उघड उघड कच्चे आहोत. पोहणं असो, वाद्य असो. चांगलं येण्यासाठी नको. नवशिकं असण्याची सवय राहावी म्हणून.

एकूण नऊ भेटी आणि पाच कार्यशाळा झाल्यावर ताईंनी येणं थांबवलं. तीन महिन्यांनी सहज भेटायला आल्या. झोप लागते, म्हणाल्या. कामं अजूनही दुपारी बदलतात, अजूनही आवडत नाही. पण परवा प्रणालीत काहीतरी नवं आलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या मुलीपाशी खुर्ची ओढली.

“मी तिला म्हटलं, हे मी पहिल्यांदाच करतेय गं, दाखव मला.”

बोलता बोलता त्या थांबल्या, डब्यातून एक बटण उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, ‘पहिल्यांदाच’मधला ‘च’ मोजायचा का हो?”

“तो राहू दे,” मी म्हटलं.

त्यांनी बटण पुन्हा डब्यात टाकलं.