शासनाचे नियमन आणि धर्म यांच्यातील सीमारेषा कोठे असावी?

माझ्या मते शासनाने माणसाच्या श्रद्धेत लक्ष घालू नये; परंतु त्या श्रद्धेतून घडणाऱ्या कृतीमुळे दुसऱ्याच्या जिवाला किंवा हक्कांना बाधा येत असेल, तर धर्माचे कारण पुढे करून कायद्यातून सूट मागता येऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी १९६६ साली स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील १८ वे कलम हाच भेद करते: धर्म बाळगण्याचे स्वातंत्र्य अबाधित राहते, मात्र तो आचरणातून प्रकट करण्यावर सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क यांच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढी, आणि तीही कायद्यानेच, बंधने घालता येतात.

खरी कसोटी मुलांच्या बाबतीत लागते. प्रौढ व्यक्तीने धार्मिक कारणाने स्वतःसाठी रक्त घेण्यास नकार दिला, तर त्याचा मान राखावा. पण अल्पवयीन मुलाचा जीव त्यावर अवलंबून असतो, तेव्हा अनेक देशांतील न्यायालये पालकांचा नकार बाजूला ठेवून उपचारांना परवानगी देतात. मला हे पूर्णपणे न्याय्य वाटते, कारण ती श्रद्धा त्या मुलाने अजून स्वतः निवडलेली नसते.

कायदे घडताना धार्मिक व्यक्तींनी गप्प बसावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र सर्वांवर बंधनकारक होणाऱ्या नियमाचे समर्थन, तो धर्म न मानणाऱ्यालाही तपासता येईल अशा कारणांनीच केले पाहिजे.