कोल्ड फ्रंट म्हणजे नक्की काय, आणि तो आला की हवा एकदम का पालटते?

थंड हवेचा मोठा लोंढा गरम हवेच्या जागेत घुसायला लागला की दोघांमधली जी हद्द असते ना, तोच कोल्ड फ्रंट. थंड हवा जड, त्यामुळे ती जमिनीला धरून पाचरीसारखी गरम हवेच्या खाली शिरते आणि तिला वर ढकलते, वर गेलेली दमट हवा गार होऊन ढग होतात आणि मग गडगडाट, धो धो पाऊस, कधी गारासुद्धा, पण पट्टा अरुंद असतो म्हणून बरेचदा तासा-दोन तासांत खेळ खलास. फ्रंट यायच्या आधी प्रेशर उतरत जातं, गेला की भराभर चढतं, वाऱ्याची दिशाच बदलते आणि आकाश लख्ख.

सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतलं, ११ नोव्हेंबर १९११. ओक्लाहोमा सिटीत दिवसा २८ डिग्री आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या आत उणे ८! म्हणजे हाफ शर्टात बाहेर पडलेला माणूस घरी येईपर्यंत कुडकुडला असणार.

फ्रंट हे नाव पहिल्या महायुद्धातल्या आघाडीवरून नॉर्वेच्या हवामानवाल्यांनी उचललंय. नकाशात निळी रेघ आणि त्रिकोण, टोकं जिकडे तिकडे फ्रंट चाललाय.

आपल्या निफाडची थंडी मात्र वेगळी हं, असा ठळक फ्रंट इथवर येत नाही, उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारा, उत्तरेत पाऊस-बर्फ आणणारा कमी दाबाचा पट्टा) पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे गार वारे खाली येतात आणि पारा घसरतो.