नळाच्या पाण्याची परीक्षा: ‘एक्झॉर्सिस्ट’चे पुढचे-मागचे भाग कसे तपासावेत

प्रिय,

‘द एक्झॉर्सिस्ट’ आणि त्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्या भागांची तुलना करायचा तुझा बेत चांगला आहे. इतक्या वेगवेगळ्या स्वभावाचे दिग्दर्शक एकाच गोष्टीला हात घालताना दुसऱ्या कुठल्या भयपट-मालिकेत क्वचितच दिसतात. फक्त आराखड्यात सहाही चित्रपटांना दहापैकी गुण द्यायचं ठरवलं आहेस, तेवढं काढून टाक. गुण वाचून वाचक एकतर मान डोलावतो नाहीतर भांडतो, चित्रपटात काय घडलं ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचार: पहिल्या चित्रपटाने जे मुद्दाम अनुत्तरित ठेवलं, त्याचं याने काय केलं?

त्यासाठी आधी 1973चा चित्रपट नीट हाताशी हवा: सैतानाने झपाटलेली रीगन ही मुलगी आणि सैतान उतरवण्याचा विधी करणारे मेरिन आणि कॅरस हे दोन धर्मगुरू यांची गोष्ट. त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. मूळ प्रदर्शित आवृत्ती 122 मिनिटांची. 2000 साली आलेली वाढीव आवृत्ती साधारण दहा मिनिटांनी मोठी. तिच्यात रीगन पाठ उलटी करून कोळ्यासारखी जिना उतरते ते दृश्य आहे, अंधारात मधूनच चमकून जाणारे सैतानी चेहरे जास्तीचे आहेत आणि शेवटी पोलीस लेफ्टनंट किंडरमन आणि कॅरसचा मित्र फादर डायर यांच्या गप्पा आहेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, विधी चालू असताना दोन धर्मगुरू जिन्यावर बसतात तिथे फादर मेरिन या सगळ्या छळामागचा हेतू बोलून दाखवतो: माणसाने स्वतःला किळसवाणं समजावं आणि निराश व्हावं. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने 1973मध्ये हा संवाद काढला होता. लेखक विल्यम पीटर ब्लॅटीला तो हवा होता. म्हणजे अर्थ सांगून टाकायचा की प्रेक्षकावर सोडायचा, हा वाद पहिल्याच चित्रपटाच्या आत आहे, आणि पुढचे सगळे भाग त्या वादाच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला पडतात. तू आधी 122 मिनिटांची आवृत्ती बघ, आणि लेखात कुठली आवृत्ती धरली आहे ते स्पष्ट लिही. हे न लिहिल्याने चांगल्या चांगल्या तुलना फसतात: एकजण जिन्यावरच्या संवादाबद्दल बोलत असतो आणि दुसऱ्याने तो पाहिलेलाच नसतो.

बघताना घड्याळ समोर ठेव आणि तीन क्षणांची वेळ टिपून घे: अमानवी गोष्ट पहिल्यांदा नाकारता न येण्याजोगी कधी दिसते, धर्मगुरू खोलीत कधी शिरतो आणि विधी कधी सुरू होतो. मेरिन धुक्यात त्या घरासमोर उभा राहतो तोवर दीड तास उलटून गेलेला असतो. तोवर काय काय होतं? माळ्यावरच्या आवाजाला उंदीर जबाबदार धरले जातात. डॉक्टर आधी रिटालिन हे औषध देतात, मग मेंदूच्या एका भागात दोष असावा म्हणतात. मानेत सुई खुपसून अँजिओग्राफी केली जाते. बऱ्याच प्रेक्षकांना सगळ्यात असह्य वाटतं ते हे दृश्य, आणि त्यात सैतानाचा काडीचा संबंध नाही. शेवटी डॉक्टरच धार्मिक विधी सुचवतात, तोही मुलीचा त्यावर विश्वास बसला तर फरक पडेल एवढ्याच आशेने.

मग फादर कॅरस येतो. तो जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका संघाचा धर्मगुरू आहे, आणि मानसोपचारतज्ज्ञही. तो रीगनवर पवित्र म्हणून पाणी शिंपडतो, ती किंचाळते, तडफडते. नंतर तो तिच्या आईला सांगतो की ते नळाचं साधं पाणी होतं. म्हणजे पुरावा उलटाच गेला. दुसरीकडे टेपवर ध्वनिमुद्रित केलेली अगम्य बडबड उलटी वाजवल्यावर साधं इंग्रजी निघते. इथे एक बारकावा सोडू नकोस. प्रेक्षकाने तोवर मुलीचं डोकं मागे फिरताना पाहिलेलं आहे, त्याला काही शंका उरलेली नाही. शंका उरली आहे ती कॅरसला. ‘खरंच झपाटलं आहे का’ हा या चित्रपटाचा प्रश्नच नाही. ज्याची श्रद्धा डळमळली आहे अशा माणसाकडे हे काम आलं तर तो काय करेल, हा प्रश्न आहे. आणि ‘हीच मुलगी का?’ याला तर चित्रपट उत्तरच देत नाही. हे दोन प्रश्न वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेव.

पाहण्याचा क्रम प्रदर्शनाचाच ठेव, फक्त एक अदलाबदल कर: 2005चा ‘डोमिनियन’ 2004च्या ‘द बिगिनिंग’च्या आधी बघ. कारण पुढे येईल.

जॉन बूरमनचा ‘द हेरेटिक’ (1977) हा सगळ्यात जास्त हिणवला गेलेला भाग. त्याला नावं ठेवण्यात जागा घालवू नकोस, तो का बिघडला ते दाखव. तो ‘हीच मुलगी का?’ याचं उत्तर देतो: रीगनमध्ये लोकांना बरं करण्याची शक्ती आहे आणि म्हणूनच सैतान तिच्या मागे लागतो. सैतानाचं पाझुझू हे नाव पहिल्या चित्रपटात कुणी उच्चारत नाही. इथे ते पुन्हा पुन्हा घेतलं जातं. शंका उरत नाही, कारण दिव्यांची उघडझाप करणाऱ्या संमोहन-यंत्राने दोन माणसं एकमेकांच्या मनात थेट शिरतात. जे यंत्राने दिसतं त्याला पुरावा कशाला लागेल? शिवाय आई, क्रिस, या भागात नाही, आणि पहिल्या चित्रपटात आपण जे काही पाहिलं ते मुख्यतः तिच्या असहाय डोळ्यांनी पाहिलं होतं. हे लिहिलंस की एनिओ मोरिकोनेचं संगीत आणि टोळधाडीची दृश्यं यांचं कौतुकही मोकळेपणाने कर. बूरमनला श्रद्धेविषयी खरोखर काही सांगायचं होतं, पण त्याला पहिल्या चित्रपटातली ती बंद खोली नको होती. याच्याही दोन आवृत्त्या आहेत: प्रदर्शनानंतर लगेच त्याने पुन्हा संकलन केलं आणि शेवट बदलला. तुझ्याकडे कुठली आहे ते तपास.

1990चा तिसरा भाग ब्लॅटीने स्वतः दिग्दर्शित केला, आपल्याच 1983च्या ‘लीजन’ या कादंबरीवरून. तो दुसऱ्या भागाची दखलच घेत नाही. पहिल्या चित्रपटात कडेला असलेला किंडरमन इथे मध्यभागी येतो; तेव्हा ही भूमिका करणारा ली जे. कॉब 1976मध्ये गेल्याने ती आता जॉर्ज सी. स्कॉटने केली. कॅरसची शंका आता या थकलेल्या पोलिसाच्या अंगावर आहे: पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या खुन्याच्या खुणा नव्या प्रेतांवर सापडतात आणि त्याला स्वतःच्या तर्कावर विश्वास ठेवता येत नाही. वारसा नेमका असाच चालवायचा असतो.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचं दृश्य तीन वेळा बघ. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा कट मोजत. कॅमेरा लांब, स्थिर. रात्रपाळीची नर्स ये-जा करते, पहारेकरी निघून जातो, मध्येच एक खोटा दचका देऊन आपल्याला सैल सोडलेलं असतं. मग ती एका खोलीचं दार तपासून वळते आणि मागून पांढऱ्या कपड्यातली आकृती कात्री धरून येते. तेवढ्यात कॅमेरा झपकन पुढे जातो आणि संगीत कानावर आदळतं. भीती त्या शेवटच्या क्षणात नाही, तिच्याआधीच्या लांबणीत आहे. लेखात फक्त ‘जबरदस्त दृश्य’ असं लिहू नकोस. तिथे काय आहे ते वर्णन कर.

शेवटाकडे मात्र सांधा दिसतो. निर्मात्यांना सैतान उतरवण्याचा विधी हवाच होता, म्हणून फादर मॉर्निंग हे पात्र नंतर घुसवलं गेलं. त्याची कथेत मुळं नाहीत. ब्लॅटीच्या मूळ मांडणीत किंडरमन कोठडीत जाऊन तिथल्या झपाटलेल्या रुग्णाला गोळी घालतो. 2016मध्ये निघालेल्या ‘लीजन’ या आवृत्तीत हरवलेली दृश्यं चित्रीकरणाच्या वेळच्या व्हिडिओ टेपवरून जोडली आहेत. त्यांचा दर्जा खराब आहे, पण अभ्यासाला तेच सोयीचं: चित्र धूसर झालं की समजावं, हे निर्मात्यांनी काढलं होतं.

आता ती अदलाबदल. मेरिनच्या तरुणपणाचा प्रीक्वेल पॉल श्रेडरने आधी चित्रित केला. तो निर्मात्यांना थंड वाटला, म्हणून रेनी हार्लिनला बोलावून जवळजवळ सगळा चित्रपट नव्याने करवून घेतला आणि तो ‘द बिगिनिंग’ म्हणून 2004मध्ये आधी लावला. श्रेडरचा ‘डोमिनियन’ 2005मध्ये मोजक्या ठिकाणी आला. मेरिन दोन्हींत स्टेलान स्कार्सगार्ड, छायालेखक विट्टोरिओ स्टोरारो, वाळूखाली पुरलेलं चर्च तेच, आणि हॉलंडमधला तो प्रसंगही तोच, ज्यात नाझी अधिकारी मेरिनला मरणासाठी दहा माणसं निवडायला लावतो. एकच कच्चा माल दोन हातांत गेल्यावर काय होतं हे तपासायची अशी संधी सिनेमात फार दुर्मीळ आहे, म्हणून लेखातली बरीच जागा इथे दे.

श्रेडरकडे झपाटलेला तरुण चेचे हा आधी अपंग, गावाने टाकलेला. सैतान शिरतो तसा तो निरोगी, देखणा होत जातो. सैतान इथे मोह घालतो, दुःख पुसून देईन म्हणतो. हार्लिनकडे झपाटलेल्या बाईचा चेहरा आणि आवाज रीगनची आठवण करून देतात. तो पहिल्या चित्रपटाची भीती उसनी आणतो आणि कथेला शेवटी एक धक्का देऊन संपवतो. तरी श्रेडरला झुकतं माप देऊ नकोस. अपुऱ्या पैशांत पूर्ण केल्यामुळे त्यातले संगणकावर केलेले तरस पडद्यावर हास्यास्पद दिसतात, आणि मधला भाग संथ आहे.

प्रीक्वेलसाठी आणखी एक परीक्षा आहे. पहिल्या चित्रपटात चर्चमधली मंडळी मेरिनबद्दल बोलताना म्हणतात की दहा-बारा वर्षांपूर्वी त्याने आफ्रिकेत असा विधी केला, तो कित्येक महिने चालला आणि त्यात त्याचा जीव जायची वेळ आली. म्हणजे साल 1960च्या आसपास. ‘डोमिनियन’ 1947मध्ये घडतो, ‘द बिगिनिंग’ 1949मध्ये, आणि दोन्हींतला विधी एका रात्रीत आटोपतो. ‘द हेरेटिक’मध्ये आफ्रिकेतला हाच प्रसंग तिसऱ्याच तऱ्हेने येतो. या विसंगतीचा बाऊ करू नकोस, पण त्या एका वाक्याने जी ओझ्याची जाणीव दिली, ती तिन्ही चित्रपटांना का देता आली नाही, हे जरूर विचार.

2023च्या ‘बिलीव्हर’वर थोडक्यात लिहिलंस तरी चालेल. दोन मुली झपाटल्या की दोघींच्या घरांना मिळून वेळ तेवढाच, त्यामुळे डॉक्टरांचा टप्पा घाईत उरकतो आणि अनेक पंथांचे लोक एकत्र येऊन विधी करतात तेव्हा कुणा एकाची शंका आपल्याला धरून ठेवत नाही. एलेन बर्स्टिन क्रिस म्हणून परत आली, पण तिला काम अगदी थोडं. एक गोष्ट मात्र टिपून ठेव: सैतान पालकांना दोघींपैकी एक मुलगी निवडायला लावतो. हॉलंडमधल्या नाझी अधिकाऱ्याचीच ही मागणी. तिथे त्या निवडीने मेरिनची श्रद्धा मोडली होती आणि पुढचा सगळा चित्रपट तिच्यावर उभा राहिला. इथे ती शेवटी येते आणि तिचं ओझं वाहायला चित्रपटाकडे वेळ उरत नाही. ही दोन दृश्यं शेजारी ठेवून एक परिच्छेद लिही.

पहिला खर्डा दीड हजार शब्दांच्या वर जाऊ देऊ नकोस. लिहायला सुरुवात नळाच्या पाण्यापासून कर, बाकी क्रम तू ठरव. झाला की पाठव. मिनिटांच्या नोंदी मात्र वहीतच ठेव, लेखात अगदी गरज असेल तिथेच येऊ देत.

कळावे, लोभ असावा.