गावातल्या आणि शहरातल्या शाळांत होणाऱ्या आरोग्य अभ्यासांतली मुलं खरंच सगळ्या मुलांचं चित्र दाखवतात का?

बहुतेक वेळा नाही. हे मी वाचून सांगत नाही, माझ्या वर्गात घडलेलं सांगते.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी २१ वर्षं काढली. एका ऑगस्टमध्ये शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं पथक माझ्या सहावीच्या वर्गावर आलं. आहाराचे धडे, हात धुण्याची सवय, दर सोमवारी लोहाची गोळी, आणि आधी-नंतर हिमोग्लोबिन तपासायचं. संमतीपत्रांवर सह्या-अंगठे मी स्वतः घरोघर फिरून आणले. तेच कागद मुलांच्या दप्तरात घालून पाठवले असते तर निम्मेसुद्धा परत आले नसते, आणि ज्या घरात वाचणारं कोणी नाही नेमकी तीच मुलं अभ्यासातून गळाली असती. ऑगस्टमध्ये पटावरची ३८ च्या ३८ मुलं हजर होती. बोटाला सुई टोचताना एकेकाचा हात मी धरला होता, आकडेही वहीत उतरवून घेतले. हिमोग्लोबिनची सरासरी आली १०.९ ग्रॅम.

दिवाळी झाली, मुकादमाच्या गाड्या गावात लागल्या आणि १४ मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह होतं, पण कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणीतरी लागतं, म्हणून मुली हटकून जातात. जानेवारीत पथक परत आलं तेव्हा वर्गात २४ मुलं. त्यांची सरासरी ११.६. पुढे तालुक्याच्या बैठकीत तक्ता लागला: १०.९ वरून ११.६, कार्यक्रम यशस्वी.

त्या रात्री मी वही काढली आणि मागे राहिलेल्या २४ जणांचेच ऑगस्टमधले आकडे वेगळे करून बेरीज केली. सरासरी निघाली ११.४. म्हणजे खरी वाढ ०.२ ची. बाकीचा ०.५ कुठून आला? अशक्त मुलं गाव सोडून गेली म्हणून. एकही गोळी दिली नसती तरी तेवढी सरासरी वाढलीच असती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी पथकप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, गैरहजर मुलांचं आम्ही काय करणार? हजर होती त्यांच्यातली शंभर टक्के घेतली." माझं भांडण इथेच आहे आणि आजही आहे. शाळेत पट असतो आणि हजेरी असते. शंभर टक्के कशाचे, ते सांगायलाच हवं. गेलेली मुलं कोण होती, सुरुवातीला त्यांचे आकडे काय होते, हे दोन ओळींत लिहायला काय लागतं?

तुमच्या प्रश्नात शहरी शाळांबद्दलही आहे. तिथला माझा अनुभव कमी, पण लठ्ठपणावरचे अभ्यास शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांत करायचे आणि मथळ्यात 'भारतीय मुलं' लिहायचं, हे मला पटत नाही. परवानगी देणारे मुख्याध्यापक, कागद वाचून सही करणारे पालक, रोज येणारी मुलं: प्रत्येक पायरीला बरी स्थिती असलेलेच पुढे सरकतात. २०१६-१८ चं राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण घरोघर जाऊन झालं, म्हणून त्यात शाळेबाहेरची मुलंही आली. किती मुलं अशक्त आहेत हे जाणायचं तर तसंच करावं लागतं.

सगळे संशोधक असे नसतात हेही सांगते. काही जण सुरुवातीच्या प्रत्येक मुलाचा शेवटपर्यंत हिशेब देतात, गळालेल्यांची तुलना छापतात. आणि एखादा उपाय चालतो का एवढंच पाहायचं असेल तर उपाय मिळालेला आणि न मिळालेला अशा दोन्ही गटांतून सारखीच मुलं गळाली असल्यास निष्कर्ष टिकू शकतो, फक्त तो राहिलेल्या मुलांपुरता. आमच्याकडे तर तुलनेला दुसरा वर्गच नव्हता.

तुम्ही स्वतः असा अभ्यास करणार असाल तर पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेला विचारा, दिवाळीनंतर यातली कोण नसतील? तिला नावं पाठ असतात. शेवटची तपासणी मुलं परत आल्यावर ठेवा, जानेवारीत नको. मी हे त्या पथकाला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं.

त्या १४ जणांतल्या एका मुलीचं ऑगस्टमध्ये ८.२ होतं. एप्रिलअखेर ती परत आली, हातांवर उसाच्या पाचटाचे चरे होते. तिला घेऊन मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. ७.६ निघालं. माझ्या वहीत तिच्या नावापुढे तो आकडा आहे, त्यांच्या तक्त्यात ती रांगच नाही.