मागच्या गॅलरीतला तारा

वडगाव शेरीहून एका ख्रिस्ती आईचे पत्र आले आहे. त्यांचा २७ वर्षांचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. दोन वर्षांपासून त्याने रविवारच्या उपासनेला येणे सोडले आहे. तो ढोलपथकात वाजवतो, सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो, आरतीला उभा राहतो आणि प्रसादही खातो. काळ बदलला, पुणे बदलले, आता आमच्या घरातला विश्वास टिकायचा कसा, असे त्या विचारतात. मुलाच्या हातात देता येईल असे काहीतरी लिहा, अशी त्यांची विनंती आहे.

ताई,

मुलाच्या हातात देण्यासारखे मी काही लिहिणार नाही. हे उत्तर तुम्ही वाचायचे आहे.

तुमच्या चार पानी पत्रात ढोलपथकावर दीड पान आहे आणि नाताळच्या ताऱ्यावर एकच ओळ आहे: "तारा आम्ही मागच्या गॅलरीत लावतो, उगाच चर्चा नको, आणि आडनावावरून तसेही कोणाला काही कळत नाही, ते एक बरे आहे." ही ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात, मला मात्र तिच्यापुढे जाता आले नाही. कारण त्याच पत्रात तुम्ही लिहिले आहे की, गुरुवार पेठेत राहत होता तेव्हा तारा गल्लीच्या तोंडावरून दिसेल असा पुढच्या कठड्याला बांधलेला असे आणि तुमचा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून त्यात बल्ब बसवत असे. सोळा वर्षांपूर्वी तुम्ही सोसायटीत राहायला आलात, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या डिसेंबरात तोच तारा कपडे वाळत घालायच्या दोरीशेजारी गेला, जिथून फक्त मागच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. असे का, हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. आईवडील कोणती गोष्ट चारचौघांत मिरवतात आणि कोणती आत सारतात, हे अकरा वर्षांच्या मुलाला चांगले कळते. आपला धर्म ही आत सारायची गोष्ट आहे, हे त्याने तुमच्याकडूनच शिकून घेतले. पुढे तो मोठा झाला, आणि जे रस्त्यावर उघडपणे, आनंदाने, दहाजणांच्या साथीने केले जाते त्याकडे गेला. यात मला त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे की, तुम्ही दोष ढोलाला देता.

प्रसाद खाल्ला तर पाप लागते का, असेही तुम्ही विचारले आहे. बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले तर वाढलेले खा, चौकशी करत बसू नका, असे पौल सांगतो. मात्र हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले, तर ज्याने सांगितले त्याच्याखातर खाऊ नका. हा सांगणारा माणूस कोण असेल याचा विचार करा. पाहुणा ख्रिस्ती आहे हे ज्याला ठाऊक असते, तोच असे सांगेल. पौलाचा सगळा सल्ला त्या ओळखीवर उभा आहे. तुमच्या सोसायटीत तुमच्या मुलाला असे सांगावे, हे कोणाच्या मनात येणेच शक्य नाही, कारण तो ख्रिस्ती आहे हे तेथे कोणाला माहीतच नाही, आणि ते माहीत नाही याचेच तुम्हाला बरे वाटते आहे. तेव्हा प्रसादाचा प्रश्न तूर्त बाजूला राहू द्या. तो मुलाला आणि चर्चच्या पाळकसाहेबांना एकत्र बसून सोडवता येईल.

तुमची भीती खोटी आहे, असे मी म्हणत नाही. हल्ली घरात चार माणसे प्रार्थनेला जमली तरी आवाज खाली ठेवावासा वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण या भीतीला पुणे नवे नाही. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा झाला, तेव्हा तेथे गेलेल्या लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या माणसांनाही ग्रामण्याला, म्हणजे जातीच्या बहिष्काराला, तोंड द्यावे लागले होते. ख्रिस्ती माणसाच्या घरचा चहा इतका महाग पडण्याच्या त्या वर्षीच ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई विधवा मुलींसाठीचे आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यात घेऊन आल्या. सदनात धर्म शिकवायचा नाही, हे ठरलेले होते आणि विधवा मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, जवळ घेऊन पवित्र शास्त्र वाचत, प्रार्थना करत, आणि त्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून आत येऊन बसू लागल्या. गावात गहजब झाला, वृत्तपत्रांतून टीका झाली, १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील प्रतिष्ठित मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दार लावून घेतले असते तर यातले बरेचसे टळले असते. त्यांनी ते लावून घेतले नाही.

त्या दाराविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. रमाबाई कोणाला हाक मारत नव्हत्या. त्या आपल्या घरात आपल्या मुलीबरोबर जे करायचे ते करत होत्या, आणि पुण्यातल्या इतर घरांत पूजा चालू असताना जशी दारे बंद होत नसत, तसे त्यांचेही होत नव्हते. आपल्यासारख्यांकडून यापेक्षा अधिक धैर्याची मागणी आज कोणी करत नाही.

खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करा, असे प्रभूनेच सांगितले आहे, हे उत्तर तुमच्या मनात येईल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील ते वचन लोकांनी वाहवा करावी म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहणाऱ्यांसाठी आहे. तुमचा तारा मागे गेला तो नम्रतेने गेलेला नाही, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे, म्हणून तर ती ओळ पत्रात उतरली.

आणि ढोलाशी भांडू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओव्या रचून प्रभूची भक्ती या मातीच्या चालींत आणली. टाळ-मृदंगाने त्यांच्या विश्वासाला बाधा आली नाही. मुलाच्या हाताला ताल आहे, याचा तुम्हाला कधीतरी अभिमान वाटला पाहिजे.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. या डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी, मुलगा घरी असताना, तारा पुढच्या दारावर लावा, लिफ्टमधून बाहेर येणाऱ्या माणसाला समोरच दिसेल असा. वायर मागून पुढपर्यंत पुरणार नाही. ती वाढवून द्यायला मुलालाच सांगा. शेजारच्या काकूंनी विचारले तर, "आम्ही ख्रिस्ती आहोत, आमचा नाताळ जवळ आला आहे," एवढे म्हणा आणि त्यांना करंज्या खायला बोलवा. यजमान कुरकुर करतील. त्यांची समजूत तुम्ही काढायची आहे, मुलावर ते काम टाकू नका. आणि स्टुलावर चढलेल्या मुलाने, "इतकी वर्षे मागे का लावत होतो?" असे विचारले, तर आम्हाला भीती वाटत होती, असे त्याला सरळ सांगा. त्या दिवशी उपासनेचा विषय काढू नका.