१०९९ मिळाला म्हणून कोणी कॉन्ट्रॅक्टर होत नाही

प्रश्न : कॅलिफोर्नियात डबे पुरवणाऱ्या एका स्वयंपाकघरात मी दोन वर्षे पोळ्या करते. तासाला २० डॉलर, आठवड्याचे ५ दिवस, रोज १० तास. जेवायची सुट्टी नाही, तव्यापाशी उभ्यानेच खाते. वर्षअखेरीस डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्याला मिळणारा कराचा फॉर्म) ऐवजी १०९९ (कॉन्ट्रॅक्टरला मिळणारा) मिळतो. ओव्हरटाइम मागितला की मालक म्हणतात, ‘तुम्ही कॉन्ट्रॅक्टर आहात, तशी सही केली आहे.’ आता काही करता येईल का?

उत्तर : नक्कीच येईल. तुम्ही कर्मचारी की कॉन्ट्रॅक्टर, हे सहीवरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली डायनामेक्स खटल्यात ‘एबीसी’ कसोटी लावली आणि ‘एबी ५’ या कायद्याने ती १ जानेवारी २०२० पासून राज्याच्या कामगार कायद्यात आली. तुम्ही कर्मचारी आहात हे गृहीतच धरले जाते. कॉन्ट्रॅक्टर ठरवायचे तर मालकाला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. काम कसे करायचे यावर त्याचे नियंत्रण नाही. हे काम त्याच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचे आहे. आणि त्याच कामाचा तुमचा स्वतःचा स्वतंत्र व्यवसाय चालू आहे.

बहुतेक मालक दुसऱ्या मुद्द्यावर अडकतात. न्यायालयाने दिलेले उदाहरणच पाहा : दुकानाने गळका नळ दुरुस्त करायला बाहेरून प्लंबर बोलावला, तर तो कॉन्ट्रॅक्टर, पण बेकरीने नियमितपणे केक सजवायला माणूस ठेवला, तर तो कर्मचारी. डब्यांच्या धंद्यात पोळी हाच माल आहे. मालक इथे काय सिद्ध करणार? (डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा काही व्यवसायांना या कसोटीतून सूट आहे, पोळ्या करणाऱ्यांना नाही.)

आता हिशेब मांडू. दिवसाला ८ तासांपुढे दीडपट आणि १२ तासांपुढे दुप्पट दर. तुमचे ८ तासांचे १६० आणि वरच्या २ तासांचे ६०, म्हणजे रोजचे २२० डॉलर व्हायला हवेत, मिळतात २००. पाचवा तास संपण्याआधी ३० मिनिटांची जेवणाची सुट्टी दिली नाही, तर त्या दिवसापोटी एका तासाचा पगार जास्तीचा, म्हणजे आणखी २०. रोजची तूट ४० डॉलर, आठवड्याची २००. वर्षाचे ५० आठवडे धरले तर दोन वर्षांचे २०,००० डॉलर होतात. दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती मिळत नसतील, तर त्यापोटी दिवसाला आणखी एक तास. स्वतःच्या गाडीने डबे पोचवले असतील तर तो खर्चही मालकाकडेच लागतो. २०२५ साठी आयआरएसचा (केंद्रीय कर खात्याचा) दर मैलाला ७० सेंट होता.

दावा राज्याच्या लेबर कमिशनरकडे करायचा. फी नाही, वकील लागतोच असेही नाही. बहुतेक थकबाकीसाठी मागची ३ वर्षेच मोजली जातात, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणाल तितके मागचे दिवस हातचे जातात. अर्जानंतर सहसा आधी तडजोडीची बैठक होते, ती फसली तर सुनावणी. निकाल मान्य नसेल तर अपिलाची मुदत फार तोकडी असते, निकाल बजावल्यापासून १० दिवस (टपालाने आला असल्यास १५).

दावे कुठे ढिले पडतात, तर आकड्यांत. ‘साधारण वीस हजार येणे आहे’ असे मोघम लिहू नका. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे, अशी वही आजपासून घाला. मागच्या दिवसांसाठी ‘उद्या सहाला या’ असे मालकाचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप, बँकेत जमा झालेल्या रकमा आणि फोनमधल्या फोटोंच्या वेळा जुळवा. तासांची नोंद ठेवणे हे मालकाचे काम आहे. त्याने ती ठेवली नसेल, तर तुमचा वाजवी अंदाजही पुरावा म्हणून धरला जातो.

१०९९ मुळे तुम्ही सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या करांचे दोन्ही वाटे (कर्मचाऱ्याचा आणि मालकाचा), एकूण १५.३ टक्के, स्वतः भरता. कर्मचाऱ्याचा वाटा ७.६५ टक्केच असतो. ही बाब लेबर कमिशनरकडे नाही, आयआरएसकडे जाते. त्यासाठी एसएस-८ आणि ८९१९ हे फॉर्म आहेत.

प्रश्न : तक्रार केली म्हणून मालकाने काढून टाकले तर? आणि कागदपत्रे पक्की नसलेल्यांचे काय?

उत्तर : तक्रारीबद्दल काढणे बेकायदा आहे. तक्रारीनंतर ९० दिवसांत कारवाई झाली, तर ती सूडापोटीच झाली असे आधी गृहीत धरले जाते. सूडाची तक्रार लेबर कमिशनरकडे १ वर्षाच्या आत करा. वेतनाचे संरक्षण इमिग्रेशनच्या स्थितीवर अवलंबून नाही, आणि ‘इमिग्रेशनला कळवतो’ ही धमकी देणे हाही गुन्हा ठरू शकतो. काढल्यास उरलेला पगार त्याच दिवशी मिळायला हवा. तो जाणूनबुजून अडवला, तर प्रत्येक दिवसाला एका दिवसाचा पगार, जास्तीत जास्त ३० दिवसांपर्यंत, वर मिळतो.

प्रश्न : मी खरोखरच स्वतंत्र डिझायनर आहे. कंपनीने तीन महिने बिल अडवले आहे.

उत्तर : कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासूनच्या करारांना फ्रीलान्सरांचा वेगळा कायदा आहे. २५० डॉलर किंवा त्यावरच्या कामाला लेखी करार हवा आणि त्यात पैसे देण्याची तारीख हवी. तारीख नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. न दिल्यास थकलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत भरपाई मागता येते. न्यूयॉर्क राज्यात असाच कायदा २८ ऑगस्ट २०२४ पासून आहे, तिथे तो ८०० डॉलर किंवा त्यावरच्या कामाला लागू होतो. आधी बिलाची तारीख आणि रक्कम लिहून एक ईमेल पाठवा. मागणी लेखी केल्याचा पुरावा पुढे उपयोगी पडतो.