ऑर्क चालतो, मग सावळा माणूस का खटकतो?

गेम खेळणाऱ्या आणि घरच्या घरी गेम बनवणाऱ्या वाचकांची पत्रं यावेळी एकाच विषयावर आली: कल्पित जगात कोण दिसतं आणि कसं दिसतं.

फँटसी गेममध्ये एल्फ (टोकदार कानांचे लोक), ऑर्क (राक्षसी चेहऱ्याचे योद्धे), बुटके, सरडेमाणसं सगळे असतात. तरी वेगळ्या वर्णाच्या माणसांची मागणी कशाला? ते जग मध्ययुगीन युरोपावर बेतलेलं असतं ना? (सांगली)

बेतलेलं असतं, पण सोयीपुरतं. ‘स्कायरिम’ या गेममध्ये (२०११) घरोघरी बटाटे सापडतात, मध्ययुगीन युरोपाने बटाटा पाहिलाही नव्हता. त्यावर कुणी तक्रार करत नाही. ‘विचर ३’मध्ये (२०१५) एल्फ आणि बुटक्यांच्या छळाची गोष्ट फार नेटकी मांडली आहे, पण मूळ गेममधली माणसं जवळजवळ सगळी गोरी. त्याच वर्षी आलेल्या ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ या पुरवणीत दूरच्या ओफिर देशाचे लोक आले आणि जग कुठेही मोडलं नाही. व्यापार, बंदरं, भाडोत्री सैनिक दाखवायचे असतील, तर परमुलुखातला माणूस दिसायलाच हवा.

पण नुसतं दिसून भागत नाही. ‘स्कायरिम’मधल्या विंडहेल्म शहरात डार्क एल्फ ‘ग्रे क्वार्टर’ या गलिच्छ वस्तीत राहतात, सरडेमाणसांना म्हणजे आर्गोनियनांना तटाच्या आत मज्जाव आहे आणि ते गोदीवर हमाली करतात. मांजरमाणसांचे म्हणजे खजीत व्यापाऱ्यांचे तांडे तर शहरांच्या वेशीबाहेरच तळ ठोकतात. मांडणी उत्तम आहे. मग तुम्ही स्वतः आर्गोनियन होऊन विंडहेल्मच्या दरवाज्याशी जा. पहारेकरी सरळ आत सोडतो. भेदभाव संवादात आहे, नियमात नाही. स्वतःचा गेम लिहिताना आधी ही जागा तपासा: दरवाजा, दुकानातला भाव, कामाची ऑफर यांपैकी निदान एका ठिकाणी तरी पात्राच्या जमातीने फरक पडतो का?

माझ्या गेममध्ये ऑर्कला ताकद +२ आणि बुद्धी −२ दिली, तर मित्र म्हणतो हे बरोबर नाही. मग जमाती वेगळ्या वाटणार कशा? (नाशिक)

मित्राचं ऐका. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या गेमने २०१६च्या पुस्तकात ऑर्कच्या बुद्धीला −२ दिले होते, ते २०२०मध्ये दुरुस्तीपत्र काढून वगळले. २०२४च्या खेळाडू-पुस्तकात हे वाढीव गुण जमातीकडून काढून पात्राच्या पार्श्वभूमीला जोडले. त्याच नियमांवर बेतलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये (२०२३) +२ आणि +१ हव्या त्या गुणाला देता येतात. तुम्हीही असंच करा: शरीराशी निगडित गोष्टी (अंधारात दिसणं, पाण्यात श्वास घेणं) जमातीकडे ठेवा, शिकण्याच्या गोष्टी (लोहारकाम, मंत्र, सौदा) माणूस जिथे वाढला त्या गावाकडे आणि धंद्याकडे द्या. उणे गुण जमातीला देऊच नका. खेळणारे हिशेबी असतात. बुद्धी −२ दिसली की ऑर्क मांत्रिक कुणी घेतच नाही आणि तुमची अर्धी पात्रं पडून राहतात.

सावळी पात्रं करतो, पण ती उजेडात राखेसारखी दिसतात आणि रात्री नुसता काळा ठिपका. रंग चुकतोय का? (पुणे)

बहुतेक वेळा रंगाआधी कृती चुकलेली असते. गोऱ्या चेहऱ्याचं टेक्स्चर (पात्रावर गुंडाळायचं त्वचेचं चित्र) घेऊन त्यावर गडद छटा ‘मल्टिप्लाय’ केली (रंगावर रंग गुणला) की तीन गोष्टी बिघडतात. मूळ टेक्स्चरमध्ये रंगवून ठेवलेली चमक करडी पडते, राख दिसते ती हीच. त्वचेतली लाल-पिवळी झाक मरते. आणि तळहात, तळपाय, ओठ सगळे एकाच रंगाचे होतात. खऱ्या सावळ्या हातावर तळवा फिका असतो. म्हणून चमक-सावली काढून टाकलेलं सपाट टेक्स्चर घ्या, गडद करताना तपकिरी-तांबूस झाक वाढवा आणि तळवे, ओठ वेगळ्या मास्कने (तेवढाच भाग निवडणाऱ्या थराने) रंगवा.

दुसरी गोष्ट चकाकीची. मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेच्या आत असतं, पृष्ठभागावरून परतणारा उजेड सगळ्यांचा जवळपास सारखाच. त्यामुळे ‘अनरियल’ या गेम-इंजिनमध्ये स्पेक्युलर (चकाकीचं माप) सगळ्या वर्णांना ०.३५च्या आसपास ठेवा; गडद त्वचेला तो कमी करायचा मोह टाळा. गडद चेहऱ्याचा आकार डोळ्यांना कळतो तो कपाळ, गालफड आणि नाकावरच्या चकाकीतूनच. ती काढली की ठिपका उरतो.

मग उजेड. एकाच जागी सगळ्यात गोरं आणि सगळ्यात काळं पात्र शेजारी उभं करा. भर दुपार, मशाल आणि चांदणं अशा तीन उजेडांत पाहा. ऑटो-एक्स्पोजर (दृश्याचा उजेड आपोआप जुळवणारी सोय) चालू असेल तर चाचणीपुरता बंद करा, नाहीतर मागची पांढरी भिंत चेहरा बुडवते. रात्रीच्या दृश्यात मागून एक मंद निळसर दिवा दिला की केसांची आणि खांद्याची कड सुटते. सगळं चित्रच उजळवू नका, त्याने गोरा चेहरा जळतो.

आपल्याकडचं असं काही आहे का? (ठाणे)

आहे. ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०), पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा गेम. नायिका सर्कशीत वाढलेली मुलगी, हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली. दुर्गा आणि विष्णू निवेदन करतात. लोक ज्यांना रोज हात जोडतात त्या देवांना खेळणाऱ्याच्या बटणाखाली न देण्याची ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी संवाद टाकले तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात. शिवाय खेळणारी मुलगी असेल तर ‘तू आलास’ चुकतं. (बेळगाव)

संवादखिडकी एकेक अक्षर सुटं काढते, म्हणून ‘क्षितिज’चे तुकडे होतात. देवनागरी फाँट फोल्डरमध्ये टाकून निवडा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उलटी तिरकी रेघ व > ही खूण द्या. मग अख्खी ओळ एकदम उमटते. त्याच्या जुन्या एमव्ही आवृत्तीत ही खूण पुरत नाही, प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागतं. नाव टाइप करायचा पडदा मात्र टाळा, तिथेही अक्षरं सुटीच पडतात. त्याऐवजी पर्याय-यादीतून नाव निवडू द्या. एका यादीत ६ पर्याय बसतात. नव्याने सुरुवात करत असाल तर गोडो ४ हे गेम-इंजिन घ्या, त्यात जोडाक्षरं आपोआप नीट जुळतात.

लिंगाचं म्हणाल तर प्रत्येक वाक्याच्या दोन-तीन प्रती लिहीत बसू नका. गावकरी नायकाला आदराने बोलू देत: ‘तुम्ही आलात’ कुणालाही चालतं. नायकाच्या तोंडी ‘मी जातो’ऐवजी ‘मला जायचंय’, ‘मी लढलो’ऐवजी ‘मी तलवार उपसली’. जिथे ‘तू’शिवाय मजाच नाही (आई, जिवलग दोस्त, शिव्या देणारा दरोडेखोर) तेवढ्याच ओळी लिंगाप्रमाणे वेगळ्या लिहा. ते लिंग पात्राच्या शरीरावरून ठरवू नका; सुरुवातीला वेगळं विचारा आणि वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.